नवा एसी आणि जुना हीटर



भोपाळच्या हवामानाला दोन टोके आहेत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि जानेवारीतील कित्येक पहाटे तो १० अंशांच्याही खाली उतरतो. शाहपुऱ्यात तळ्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना म्हणूनच गारव्याची आणि उबेची अशी दोन्ही साधने बाळगावी लागतात. पूर्वी उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या व पुढे कूलर, आणि हिवाळ्यात शेगडी किंवा विजेचा हीटर, अशी सरळ वाटणी होती. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध येत नसे. घरात वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातला एसी, आला आणि हा संबंध जुळला.

त्यातूनच एक तक्रार उद्भवते. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला हीटर किंवा गीझर एसी बसवल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्रास देऊ लागतो. घरमालक हीटरला दोष देतात आणि हीटर दुरुस्त करणारा एसीला. वस्तुतः पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात. दोष असतो तो दोघांच्या सामाईक वाटेत.

ही गोष्ट अमेरिकेतील घरांत फार स्पष्ट दिसते. तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनी तळघरातील फर्नेस, म्हणजे सारे घर उबदार ठेवणारी भट्टी, पाहिली असेल. तिचा पंखा गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. अशा घरात मध्यवर्ती एसी बसवताना त्याची थंड वेटोळी त्याच हवेच्या मार्गात बसवतात, आणि पंखाही सहसा तोच वापरतात. मग थंडी पडली की भट्टी मध्येच बंद पडू लागते. कारणे पाहावीत तर ती अशी: वेटोळ्यावर व जाळीवर धूळ साचून हवा कोंडते, भट्टी फाजील तापते आणि तिचा सुरक्षा स्विच ज्योत विझवतो. किंवा एसीच्या पाण्याची नळी तुंबून ते पाणी भट्टीत ठिबकते. किंवा तापमान-नियंत्रकाच्या २४ व्होल्टच्या तारा जोडताना एकमेकींना चिकटून लहानसा फ्यूज उडालेला असतो. हवा, पाणी आणि वीज या त्या तीन वाटा. शाहपुऱ्यातील घरांत भट्टी नसली, तरी या तीन वाटा आहेतच.

प्रथम विजेची वाट पाहू. २००० वॅटचा हीटर किंवा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना साधारणतः सात-आठ अँपिअर घेतो. काही एसी थंडीत ऊबही देतात. असा एसी आणि शेजारच्या न्हाणीघरातील गीझर सकाळी एकाच वेळी, एकाच तारेवर चालू झाले, तर बेरीज सोळा अँपिअरच्या आसपास जाते. तार गरम होते, प्लगचे भोक काळवंडते आणि एमसीबी खाली पडतो. अशा वेळी काही जण अधिक अँपिअरचा एमसीबी बसवून मोकळे होतात. हा उपाय नव्हे, हे संकट आहे. एमसीबी हा तारेचा रखवालदार आहे. तार बारीकच ठेवून रखवालदार तेवढा सुस्त नेमला, तर भिंतीतील तार जळेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. खरा उपाय हाच की एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार द्यावी. दीड टनाच्या यंत्राला सहसा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. जुन्या घरात ॲल्युमिनियमच्या तारा असतील, तर त्यांचे सांधे जाणत्या वायरमनकडून अवश्य तपासून घ्यावेत.

दुसरी वाट पाण्याची. एसीच्या नळीला योग्य उतार नसेल, तर उन्हाळाभर पाणी भिंतीत झिरपते. ओल तारांच्या सांध्यापर्यंत पोचते आणि वीज गळू लागते. एसीबरोबर पुष्कळ घरांत आरसीसीबी नावाचा स्विचही नव्याने बसवला जातो. सुमारे ३० मिलिअँपिअर वीज जमिनीकडे गळताच तो प्रवाह तोडतो. आता जुन्या गीझरचे तापणारे वेटोळे आतून फुटलेले असेल, तर गळती पूर्वीही असणारच. ती दाखवणारा कोणी नव्हता, इतकेच. नवा स्विच वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणे म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हाकलून देण्यासारखे आहे. एकेक उपकरण प्लगमधून काढून पाहावे. जे काढल्यावर स्विच टिकतो, तेथे दोष शोधावा.

तिसरी वाट हवेची, आणि येथे प्रश्न थेट जिवाचा आहे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून एसीच्या खोलीतील झरोके बुजवतात, दाराखालच्या फटी बंद करतात, खिडक्यांना काचा घट्ट बसवतात. उन्हाळ्यापुरते ते ठीक. परंतु त्याच खोलीत पौषातल्या रात्री कोळशाची शेगडी ठेवली, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर पेटवला, तर अपुऱ्या हवेत जळणापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एसी चालू आहे म्हणजे ताजी हवा येत आहे, ही समजूत चुकीची आहे. भिंतीवरचा सर्वसाधारण एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

विषारी वायू म्हणजे काय, हे भोपाळकरांना सांगावे लागत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री सुटलेल्या मिथिल आयसोसायनेटने डोळ्यांची आग आग केली होती. कार्बन मोनॉक्साइड तसा इशाराही देत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. म्हणून झोपण्याच्या खोलीत शेगडी मुळीच ठेवू नये, आणि गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. कोणाला अशी लक्षणे दिसली, तर त्याला तत्काळ उघड्यावर न्यावे व लगेच डॉक्टर गाठावा.

आता बिघाड शोधण्याचा क्रम सांगतो. हिवाळ्यात एसी ऊब देत नसेल, तर तो केवळ गारव्याचाच नाही ना, हे प्रथम पाहावे. नंतर त्याची जाळी धुवावी. कडक थंडीत बाहेरच्या भागावर साचलेले हिव वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे थांबते. तो दोष नव्हे. हीटर किंवा गीझर त्रास देत असेल, तर तो एसीच्याच तारेवर तर नाही ना, हे पाहावे. प्लग गरम होतो का, भिंतीला ओल आहे का, अर्थिंग शाबूत आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि हे सारे करण्यापूर्वी, आजच, खोलीतील एखादा झरोका उघडा आहे याची खात्री करून घ्यावी. हीटरची दुरुस्ती चार दिवस लांबली तरी चालेल. झरोक्याचे काम मात्र आज रात्री निजण्यापूर्वी व्हायला हवे.