टॅरिफ, तारीफ आणि उर्फ

जुन्या हिंदी सिनेमातल्या पार्टीत कुणीतरी अनोळखी माणसाला विचारतं, 'आपकी तारीफ?' विचारणाऱ्याला स्तुती नको असते, 'आपण कोण?' एवढंच हवं असतं. हल्ली रोज बातम्यांत गाजणारा 'टॅरिफ' हा शब्द या तारीफचा सख्खा भाऊ आहे!

अरबीत 'अ-र-फ' हा धातू ओळखण्याचा, जाणण्याचा. त्यावरून 'तअरीफ' म्हणजे ओळख करून देणं, जाहीर करणं. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात हा शब्द इटालियनांच्या तोंडी 'तारिफ्फा' झाला. कोणत्या मालावर किती जकात, हे व्यापाऱ्याला आधीच सांगणारा तक्ता म्हणजे तारिफ्फा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीतही पोचला होता. पुढे तक्त्याचं नाव खुद्द करालाच चिकटलं. मुंबईच्या टॅक्सीतलं टॅरिफ कार्ड मात्र मूळ अर्थाला धरून आहे.

स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा नावाचं गाव आहे. तिथे जहाजांकडून पैसे उकळत, त्यावरून टॅरिफ आला, अशी एक कथा सांगतात. चटकदार आहे, पण खरी नाही. गावाचं नाव ७१० साली तिथे उतरलेल्या तारिफ इब्न मलिक या सरदारावरून पडलं, आणि त्याच्या नावाचा अरबी धातूच निराळा.

खरे भाऊबंद तर आपल्याच घरात आहेत. ज्या ओळखीने काम होतं ती 'मार्फत', आणि माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते 'उर्फ', दोन्ही याच धातूचे.

टॅरिफ मुळात यादी आहे हे व्यापार करार उघडला की पटतं. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात २३ देशांनी 'गॅट' हा व्यापार करार केला. भारत त्यात होता. कराराची कलमं मोजकी, पण सोबतच्या याद्यांत जकातीतल्या सुमारे ४५,००० सवलती! पुढे १९८८पासून मालाला जगभर सहा आकडी क्रमांक मिळाले. या व्यवस्थेत ०८०४५० या एकाच खणात पेरू, आंबा आणि मँगोस्टीन दाटीवाटीने बसतात. आंबा आणि पेरू एका पंगतीत, हे कोकणात कुणाला सांगायची सोय नाही. भारताने मात्र त्यापुढे आणखी दोन आकडे जोडून हापूसला स्वतंत्र जागा दिली आहे: ०८०४५०२१.