काम थांबलेल्या कंपनीस ‘सुप्त’ दर्जा

सोयाबीन, तूर आणि हळद पिकविणाऱ्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उत्पादक कंपन्या स्थापन केल्या आहेत. भांडवलाअभावी वा अन्य कारणाने एखाद्या कंपनीची खरेदी-विक्री थांबते. परंतु व्यवहार थांबले म्हणजे जबाबदारीही संपली, हा समज चुकीचा आहे. वार्षिक विवरणपत्रास विलंब झाल्यास दररोज १०० रुपये जादा शुल्क पडते; सलग तीन वर्षे ते दाखल न केल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. हे संचालक बहुधा गावचे शेतकरीच असतात.

यासाठी कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४५५ मध्ये ‘सुप्त’ दर्जाची तरतूद आहे. मागील दोन आर्थिक वर्षे व्यवसाय न केलेल्या कंपनीस सर्वसाधारण सभेत विशेष ठराव संमत करून ‘एमएससी-१’ या नमुन्यात अर्ज करता येतो. मात्र शासकीय कर व कामगारांची देणी थकलेली नसावीत. कंपनीविरुद्ध चौकशी वा खटला चालू नसावा. विनातारण कर्ज असल्यास धनकोची संमती जोडावी.

दर्जा मिळाल्यावरही दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ‘एमएससी-३’ हे विवरणपत्र भरावे लागते. पुन्हा कामकाज सुरू करावयाचे झाल्यास ‘एमएससी-४’ नमुना आहे. सलग पाच वर्षे सुप्त राहिलेल्या कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कार्यवाही निबंधक सुरू करतात. म्हणजे ही विश्रांती आहे, सुटका नव्हे. गावातील अशा कंपनीच्या सभासदांना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती वेळीच दिल्यास दंडाचा बोजा टळेल आणि कष्टाने उभारलेली संस्थाही वाचेल.