वैद्यकीय प्रतिनिधी

वैद्यकीय प्रतिनिधी : औषधनिर्मात्या कंपनीच्या वतीने ठराविक क्षेत्रातील डॉक्टरांना भेटून तिच्या औषधांची माहिती देणारा आणि ती औषधे त्यांनी रुग्णांना लिहून द्यावीत यासाठी प्रयत्न करणारा पगारी कर्मचारी. बोलीत त्यास ‘एमआर’ म्हणतात. विक्री वाढविणे हे त्याचे काम असले, तरी तो स्वतः सहसा काहीच विकत नाही. औषध निवडतो डॉक्टर, विकतो केमिस्ट आणि किंमत मोजतो रुग्ण. निवडणारा व पैसे देणारा यांच्यातील ही फारकत या व्यवसायाच्या मुळाशी आहे. शिवाय अनुसूची एच, एच-१ व एक्स यांतील औषधांची जाहिरात केंद्र शासनाच्या मंजुरीवाचून करता येत नाही. त्यामुळे साबण किंवा चहाप्रमाणे थेट ग्राहकाला आवाहन करण्याचा मार्ग कंपनीला बंद असतो.

भारतात या व्यवसायाच्या वाढीला १९७० च्या पेटंट अधिनियमाने मोठा हातभार लावला. त्यान्वये औषधाच्या रेणूला नव्हे, तर केवळ निर्मितिप्रक्रियेला पेटंट मिळू लागले व एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी बनवू लागल्या. घटक तोच असल्यावर डॉक्टरांच्या स्मरणात राहावयाचे ते नावच. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती; परंतु ती नावे टिकून राहिली. २००५ पासून उत्पादन-पेटंट पुन्हा लागू झाले, तरी जुन्या औषधांतील ही नावांची स्पर्धा चालूच आहे.

प्रतिनिधीच्या दिवसाचा बराच भाग वाट पाहण्यात जातो. दिवसाला साधारणतः दहा-बारा डॉक्टरांच्या भेटी अपेक्षित असतात. मात्र डॉक्टरांचा वेळ रुग्णांसाठी असल्याने प्रत्यक्ष भेट दोन-चार मिनिटांतच आटोपावी लागते. तेवढ्यात तीन-चार औषधांचे घटक, मात्रा, उपयोग व किंमत सांगावयाची असते. या निवेदनास ‘डिटेलिंग’ अशी संज्ञा आहे. पूर्वी त्यासाठी रंगीत चित्रांची पुस्तिका वापरीत. आता बहुधा टॅब्लेट वापरतात. वैद्यकीय ग्रंथालये व परिषदा यांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावी नव्या औषधाची पहिली वार्ता पुष्कळदा प्रतिनिधीच नेतो, ही त्याची उपयुक्तता नाकारता येणार नाही. तथापि कंपनीने पाठ करवून घेतलेल्या निवेदनात दुष्परिणामांना व स्वस्त पर्यायांना जागा थोडी असते. ही माहिती खोटी नसली, तरी निवडक असते, आणि निवडीचा निकष विक्री हा असतो.

भेटीचे फलित केमिस्टच्या दुकानात कळते. कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर कोणते औषध खपते, याची चौकशी प्रतिनिधी तेथे करतो. ‘लिहितो’ असे तोंडी आश्वासन आणि प्रत्यक्ष लिहिणे यांतील अंतर येथेच उघड होते. नाशिक मुख्यालय असलेला प्रतिनिधी सिन्नर किंवा निफाड येथे जाऊन संध्याकाळी परततो; धुळे, नंदुरबारकडे मात्र मुक्कामी दौरा करावा लागतो. प्रत्येक भेटीची नोंद दैनिक अहवालात होते. अलीकडे मोबाइलद्वारे त्याचे ठिकाणही नोंदले जाते. त्यास संघटनांचा विरोध आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा कर्मचारी दीर्घकाळ अधांतरी होता. आर्जव करून मागणी मिळविणे हे त्याचे मुख्य काम असल्याने औद्योगिक विवाद अधिनियमातील ‘कामगार’ या व्याख्येत तो बसत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये घेतली. विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम, १९७६ यामुळे नियुक्तिपत्र आणि कामावरील काळाच्या किमान एक-अकरांश इतकी पूर्णपगारी अर्जित रजा हे हक्क त्यास मिळाले. प्रथम विशिष्ट वेतनमर्यादेपर्यंत व १९८७ पासून त्या मर्यादेवाचून औद्योगिक विवाद अधिनियमाचे संरक्षणही लाभले. तरीही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक अधिनियमाखाली त्यास दाद मागता येत नाही, असे घटनापीठाने १९९४ मध्ये ठरविले. १९७६ च्या अधिनियमाची जागा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

या व्यवसायावरील मुख्य आक्षेप भेटवस्तू व आतिथ्य यांविषयीचा आहे. पेन, दिनदर्शिका येथपासून सहकुटुंब प्रवासापर्यंत त्यांची मजल गेल्याचे दिसून आले. डॉक्टरांनी अशा वस्तू स्वीकारण्यास भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मनाई केली, आणि त्यांवरील खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ च्या औषध विपणन आचारसंहितेनुसार भेट मिळविण्यासाठी कोणत्याही मिषाने पैसे देण्यास प्रतिनिधीला मज्जाव आहे. नमुन्यांवरही मर्यादा आहे : एका औषधाची एका डॉक्टराला वर्षाला १२ नमुना-वेष्टने आणि प्रत्येक वेष्टनात तीन रुग्णांना पुरेल इतकेच औषध. प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी संहितेने कंपनीवर टाकली आहे; मात्र त्याच्या बढतीचे व बदलीचे निर्णय पुष्कळदा ज्या मासिक विक्रीलक्ष्यावर अवलंबून असतात, त्याविषयी तिने कोणतेही बंधन घातलेले नाही. तक्रारींची चौकशी औषधनिर्मात्यांच्या संघटनांनी नेमलेल्या नीतिसमित्या करतात.