जुन्या घरांचे स्वयंचलन

जुन्या घरांचे स्वयंचलन म्हणजे आधीपासून राहत्या असलेल्या घरातील दिवे, पंखे, पाण्याचा पंप, गीझर आणि सुरक्षेची साधने आपोआप किंवा दुरून चालवता येतील अशी व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी करणे होय. नव्या इमारतीत त्यासाठी लागणाऱ्या तारा व पेट्या बांधकामाबरोबरच बसवता येतात. जुन्या घरात मात्र भिंती, वायरिंग आणि राहणाऱ्यांच्या सवयी आधीच ठरलेल्या असतात. कोल्हापूर शहराच्या पेठांमधील जुनी घरे हे याचे ठळक उदाहरण आहे. जाड भिंती, निरनिराळ्या काळात वाढवलेली वायरिंग, ठरावीक वेळी येणारे नळाचे पाणी आणि पंचगंगेचा पूर या चार बाबींमुळे तेथे कामाचा क्रम उपकरणांच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

गृहस्वयंचलनाच्या आरंभीच्या पद्धतींपैकी ‘एक्स-टेन’ ही पद्धत 1975 मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने विकसित केली. घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवले जात असल्याने तिला वेगळ्या तारा लागत नसत. म्हणजे जुन्या घराचा प्रश्न या तंत्राच्या प्रारंभापासूनच विचारात होता. पुढे वाय-फाय, तसेच कमी वीज वापरणाऱ्या उपकरणांसाठी झिग्बी व थ्रेड ही बिनतारी तंत्रे आली. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठी ‘मॅटर’ हे सामाईक मानक 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.

कोल्हापुरातील जुन्या घरांची रचना

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शिवाजी पेठ अशा जुन्या वस्त्यांत दगडी जोते, दगड किंवा विटा-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, माडी आणि कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर असलेली घरे आढळतात. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू अशी खोलीमागे खोली असल्यामुळे सोप्यात ठेवलेल्या राउटरच्या लहरी परसापर्यंत क्षीण होत जातात. धातूचा पत्रा लहरी परतवतो. कौले त्या मानाने कमी अडथळा करतात.

अशा घरांत लाकडी पट्टीवरील जुनी वायरिंग, नंतरची प्लॅस्टिक पट्टीतील वायरिंग आणि अलीकडची भिंतीतील वायरिंग एकाच वेळी वापरात असू शकते. अर्थिंग काही खोल्यांपुरतेच असते किंवा मुळीच नसते. पारंपरिक वायरिंगमध्ये दिव्याच्या बटणापर्यंत केवळ फेजची तार आणलेली असते व न्यूट्रल थेट दिव्याकडे जाते. बहुसंख्य स्मार्ट स्विचना स्वतः चालू राहण्यासाठी न्यूट्रलची गरज असल्यामुळे ही बाब पुढील निवड ठरवते.

पहिला टप्पा : वायरिंगची तपासणी

भारतातील घरगुती एकफेजी वीजपुरवठा 230 व्होल्ट व 50 हर्ट्झचा असतो. स्वयंचलनापूर्वी तारांचे इन्सुलेशन, अर्थिंग, मुख्य स्विच आणि प्रत्येक मंडलावरील भार तपासला जातो. जुन्या फ्यूजऐवजी एमसीबी बसवतात. गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे साधन माणसाला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देते. घरगुती वापरासाठी त्याची संवेदनशीलता सामान्यतः 30 मिलिअँपिअर ठेवतात.

काही जुन्या घरांत निरनिराळ्या मंडलांचे न्यूट्रल एकमेकांत जोडलेले असतात. तेथे आरसीसीबी बसवताच ते वारंवार बंद पडते. अशा वेळी ते काढून टाकण्याचा मोह होतो. परंतु दोष साधनात नसून वायरिंगमध्ये असतो आणि तो शोधून दुरुस्त करावा लागतो. वायरिंगमध्ये भर घालण्याचे वा बदल करण्याचे काम नियमांनुसार परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागते. या टप्प्यात घर ‘स्मार्ट’ होत नाही, तरी खर्चाचा मोठा वाटा येथेच लागू शकतो. हा टप्पा वगळल्यास पुढील प्रत्येक उपकरण सदोष वायरिंगवर आणखी भार टाकते.

दुसरा टप्पा : पाणी व स्वतंत्र उपकरणे

नळाला ठरावीक वेळी पाणी येत असल्याने अनेक घरांत जमिनीखालील टाकीत पाणी साठवून ते पंपाने वरच्या टाकीत चढवतात. त्यामुळे पंपाचे स्वयंचलन हे पहिले उपयुक्त पाऊल ठरते. दोन्ही टाक्यांत पातळीदर्शक बसवल्यास वरची टाकी भरताच किंवा खालची रिकामी होताच पंप थांबतो. पाणी वाया जात नाही आणि पंप कोरडा चालून जळत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, म्हणून ती साध्या स्मार्ट प्लगवर न जोडता योग्य क्षमतेच्या काँटॅक्टरमार्फत चालवतात.

3,000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी 16 अँपिअरचे सॉकेट व त्याच क्षमतेचे नियंत्रक लागते. याच टप्प्यात वायुगळती व धूर यांचे सूचक बसवता येतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सूचक जमिनीलगत, तर धुराचा सूचक छतालगत असावा लागतो. कडी-कोयंड्याच्या जुन्या लाकडी दारांना इलेक्ट्रॉनिक कुलपे सहसा जुळत नाहीत. तेथे दार उघडल्याची सूचना देणारा लहान चुंबकीय संवेदक पुरेसा ठरतो आणि दारही मूळ रूपात राहते.

तिसरा टप्पा : दिवे व पंखे

न्यूट्रल उपलब्ध असल्यास जुन्या बटणामागे लहान रिले मॉड्यूल बसवता येते. ते नसल्यास न्यूट्रलविना चालणारे मॉड्यूल वापरतात. मात्र त्यातून दिव्याकडे सतत अल्प प्रवाह वाहत असल्याने काही एलईडी दिवे बंद असतानाही मंद लुकलुकतात. उथळ लाकडी बोर्डांत मॉड्यूलला जागा पुरत नाही व उष्णताही साठते, त्यामुळे बोर्ड बदलावा लागतो. पंख्यांसाठी रिमोटवर चालणारे बीएलडीसी पंखे हा सोपा पर्याय आहे. नेहमीचा छताचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण 30 वॉट घेतो.

या टप्प्यातील महत्त्वाचे तत्त्व असे की, जुने बटण पूर्वीप्रमाणेच चालू राहिले पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना किंवा फोन हाताशी नसलेल्या कोणालाही दिवा लावता आला नाही, तर ती व्यवस्था टिकत नाही.

चौथा टप्पा : जाळे व नियंत्रक

जाड भिंतींच्या घरात राउटर मध्यभागी ठेवणे किंवा माडीपर्यंत एक इथरनेट तार नेणे उपयोगी ठरते. वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर 5 गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा भिंती अधिक पार करते. झिग्बीच्या जाळ्यात थेट विजेवर सतत चालणारी बहुतेक उपकरणे संदेश पुढे पोहोचवतात, बॅटरीवरील संवेदक तसे करत नाहीत. म्हणून विजेवरील उपकरणे आधी बसवतात. ‘होम असिस्टंट’ या 2013 पासून विकसित होत असलेल्या मुक्त आज्ञावलीसारखा स्थानिक नियंत्रक वापरल्यास अनेक कामे इंटरनेट बंद असतानाही सुरू राहतात आणि घरातील हालचालींची नोंद बाहेरच्या सर्व्हरवर जाणेही टाळता येते.

पूर व खंडित वीजपुरवठा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. 2019 व 2021 च्या महापुरांत शहरातील सखल भागांत पाणी शिरले आणि अनेक ठिकाणी वीजपुरवठा बंद राहिला. त्यामुळे पूरप्रवण भागात नियंत्रक, राउटर आणि बोर्ड माडीवर किंवा ज्ञात पूररेषेच्या वर बसवणे आणि तळमजल्याचे मंडल स्वतंत्र एमसीबीवर ठेवणे हितकारक असते.

वीज परत आल्यावर उपकरणाने कोणत्या स्थितीत यावे, हे बहुतेक स्मार्ट स्विचमध्ये ठरवता येते. गीझर, पंप व इस्त्री यांसाठी ही स्थिती ‘बंद’ ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा रिकाम्या घरात ती आपोआप सुरू होऊ शकतात. पुराचे पाणी शिरलेल्या घरात मुख्य स्विच बंदच ठेवून वायरिंगची प्रत्यक्ष तपासणी करावी लागते. दुरून पुरवठा सुरू करण्याची सोय अशा वेळी धोकादायक असते.

मर्यादा

उपकरण बनवणाऱ्या कंपनीने सर्व्हरची सेवा थांबवल्यास केवळ त्याच सेवेवर अवलंबून असलेले उपकरण निरुपयोगी होऊ शकते. भाड्याच्या किंवा सामाईक मालकीच्या घरात वायरिंग बदलण्यासाठी संमती लागते. कॅमेरे व ध्वनिसाधने बसवताना एकत्र कुटुंबातील इतरांच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहतो. स्वयंचलनामुळे जुनी वायरिंग सुरक्षित होत नाही. सुरक्षित वायरिंगवरच स्वयंचलन उपयोगी पडते.