वाळा लावू की वेखंड?

पावसाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत परसबागेचा विषय निघतोच. मोरीचं पाणी जातं ती जागा, विहिरीच्या कट्ट्याची बाजू, वाडीतल्या पाटाची कड, अशा ठिकाणी कायम ओल असते. मिरची-वांगी तिथं कुजून जातात. मग कुणी म्हणते वाळा लावू, कुणी म्हणते वेखंड. दोन्ही ओलीत वाढतात, दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात, दोन्हींची पानं गवतासारखी लांब. म्हणून पुष्कळ जणी दोन्हींना एकाच मापानं मोजतात. पण त्यांची जागा वेगळी, काम वेगळं, आणि घरात वापरताना घ्यायची काळजी तर फारच वेगळी.

आधी ओळख करून घेऊ. वाळा हे खरं गवत आहे. त्याचा दाट ठोंब होतो, पुरुषभर उंचीपर्यंत वाढतो. पानाला वास नसतो, सुगंध सगळा मुळांत. वेखंड मात्र गवत नाही. त्याची पानं तलवारीसारखी, मधे उठावदार शीर असलेली, आणि चुरगळली की लगेच उग्र वास येतो. रोपवाटिकेत फसगत होऊ नये म्हणून हीच परीक्षा करा: पान बोटांत चुरगळून हुंगा.

आता जमिनीखाली काय चालतं ते पाहू. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर. ती माती घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच बांध, उतार, पाटाची कड यांसाठी जगभर वाळ्याच्या ओळी लावतात. वेखंडाचा कंद आडवा, मातीच्या वरच्या थरातच सरकत पसरतो. तो चिखलात सुखी असतो, पण बांध धरून ठेवायचं काम त्याच्याकडून वाळ्याइतकं होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुमच्या जागेत पाणी किती महिने राहतं? आपल्या वसई-विरारकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. वाळ्याला दोन्ही चालतं. तो काही दिवस पाण्याखाली राहून तगतो आणि मुळं खोल गेल्यावर वैशाखाचं ऊनही काढतो. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे कितीतरी दिवस पाणी तुंबून होतं, ते आठवा. तशा पाण्यातही मुळं धरलेला वाळा उभा राहू शकतो. वेखंडाला मात्र बाराही महिने ओली माती हवी. चार महिने पाणी आणि आठ महिने भेगा, अशा जागेत तो जोर धरत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्रकाठच्या गावांत उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. वेखंड गोड्या पाण्यातला, त्याला खारं सोसत नाही. वाळा थोडाफार खारेपणा सहन करतो, पण लावल्यावर पहिले दोन-तीन महिने त्यालाही गोडं पाणीच द्या. तिसरी गोष्ट सावलीची. वाळ्याला भरपूर ऊन लागतं, नारळाच्या गर्द सावलीत तो खुरटतो. वेखंड केळी-नारळाच्या विरळ सावलीत चांगला येतो. ज्या वाडीत बावखल अजून शाबूत आहे आणि उन्हाळ्यातही आटत नाही, तिथं काठाच्या चिखलात वेखंड शोभतो.

लागवडीचं सांगतो. वाळ्याचा ठोंब फोडून दोन-तीन काड्यांचे जुडगे करा. पानं वीतभर ठेवून कापा, लांब मुळं छाटा आणि पाऊस नीट सुरू झाला की चार-सहा बोटांच्या अंतरावर एका ओळीत लावा. दक्षिणेकडच्या वाळ्याला उगवणारं बी धरत नाही, म्हणून तो रान होऊन पसरत नाही. घेताना तोच मागा. ओळ पाण्याच्या वाटेच्या कडेला लावा, वाटेत नको, नाहीतर पाणी घराकडे फिरेल. वेखंडासाठी डोळा असलेले कंदाचे तुकडे हातभर अंतरावर, चिखलात जेमतेम झाकले जातील असे लावा. घराजवळ पाणी साचवून ठेवू नका, डास होतात. जुन्या टबात चिखल भरा, तो रोज ओला ठेवा, पण वर पाणी उभं राहू देऊ नका. तेवढ्यात वेखंड येतो.

आता वापर. वाळ्याची मुळं साधारण दीड वर्षानं काढण्याजोगी होतात. धुऊन, वाळवून फडक्यात बांधून माठात टाकतात, पडदे-पंखे करतात. मात्र मोरीच्या पाण्यावर वाढलेली मुळं माठात कधीही टाकू नका. आणि बांधावरचा वाळा मुळांसाठी खणू नका, ज्या मातीसाठी लावला तीच मोकळी होईल. मुळं हवी असतील तर वाळूमिश्रित माती भरलेल्या गोणीत वेगळा लावा. गोणी फाडली की मुळं न तुटता निघतात.

वेखंडाचे सुकवलेले तुकडे धान्याच्या कणगीत आणि कपड्यांच्या पेटीत ठेवले तर किडीला आळा बसतो. पण बाळगुटीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वेखंड उगाळून तान्ह्याला चाटवण्याची रीत जुनी आहे. त्यात बीटा-ॲसरोन नावाचा घटक असतो आणि आपल्याकडच्या वेखंडात तो जास्त असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. जास्त प्रमाणात पोटात गेलं तर जोराच्या उलट्या होतात. आयुर्वेदातही वेखंड आधी शुद्ध करतात आणि मोजून देतात. उगाळताना एक वेढा कमी की जास्त, हे आपल्याला मोजता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, हे आशाताई सांगतात ते यासाठीही धरून ठेवा. गरोदर बाईनंही वेखंड पोटात घेऊ नये. घरात आजींचा आग्रह असेल तर वाद घालू नका. त्यांना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनाच विचारा.

गटानं विक्रीसाठी लावायचं मनात असेल तर आधी घेणारा पक्का करा. दीड वर्ष पैसा अडकतो. सुरुवात प्रत्येकीच्या घरी एका ओळीनं करा. पुढच्या वर्षी त्याच ठोंबांतून सगळ्या गटाला पुरेल एवढी रोपं होतील.

यंदा एवढंच करा: ओलीच्या जागेवर काठी रोवून खूण करा आणि होळीच्या सुमारास तिथं वीतभर खणून माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि पाणी गोडं असेल तर वेखंडाचा विचार करा. माती भुरभुरली तर ती जागा वाळ्याची. काय निघालं ते पुढच्या बैठकीत सांगा, म्हणजे कुणाला कशाची किती रोपं लागतील याची यादी पावसाआधी करता येईल.