संगणकातील छुपा हेर कसा शोधावा?

हजेरीपटावर चाळीस मुले हजर आहेत; बाकांवरची डोकी मोजली तर एकेचाळीस भरतात. मोजणी चुकली नसेल, तर नोंद नसलेले कोणीतरी वर्गात बसले आहे. संगणकातला छुपा हेर शोधण्याची रीतही अशीच आहे.

हेर-आज्ञावली आपण टंकलेली अक्षरे, परवलीचे शब्द गुपचूप टिपून बाहेर पाठवते. त्यातल्या साध्या आज्ञावल्या संगणकावरील यादीत दिसतात व काढताही येतात. खरी अडचण 'रूटकिट' या प्रकाराची. आपण फायलींची यादी मागितली की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्क वाचून ती देते. रूटकिट या वाटेवर मध्येच बसते आणि यादीतून स्वतःचे नाव खोडते. विषाणूरोधक आज्ञावलीने त्याच वाटेने विचारणा केली, तर तीही फसते.

२००५ साली अमेरिकेतील मार्क रुसिनोविच हे तज्ज्ञ स्वतःच्या शोध-आज्ञावलीची चाचणी घेत होते. ही आज्ञावली दोन याद्या करते : एक विंडोजला विचारून, दुसरी डिस्कवरील नोंदी थेट वाचून. दुसऱ्या यादीत पहिलीत नसलेल्या फायली निघाल्या. मूळ होते सोनी बीएमजी कंपनीची, विकत घेतलेली गाण्यांची सीडी! नकला रोखण्यासाठी तिने संगणकात रूटकिट बसवले होते. करारपत्रात या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाईल ते लपवी. साहजिकच, काही दिवसांतच इतरांच्या घातक आज्ञावल्याही त्या आडोशाला आल्या. रुसिनोविच यांनी ते हाताने उपटले, तेव्हा सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. कारण त्याच्या कामाच्या साखळीत ते एक कडी होऊन बसले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने त्या सीडी परत मागवल्या.

यातून आपण काय घ्यावे? संशयिताचीच साक्ष पुरेशी मानू नये. दुसऱ्या, निर्धोक संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून आपला संगणक सुरू करून डिस्क तपासावी. त्या वेळी डिस्कवरील हेर जागा नसतो, त्यामुळे त्याला खाडाखोड करता येत नाही. मात्र याद्यांतील प्रत्येक फरक म्हणजे हेर नव्हे. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळातही नव्या फायली तयार होतात.

हेर सापडलाच, तर एकेक फाईल पुसत बसू नये. संगणक इंटरनेटपासून तोडावा, आपले लेख, गुणपत्रके यांची प्रत काढावी, डिस्क पुसून सर्व काही मूळ प्रतीवरून नव्याने बसवावे. परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून बदलावेत.

प्रयोगशाळेत आम्ही महत्त्वाचे मापन दोन स्वतंत्र रीतींनी करतो. वर्गातही हे करून पाहता येईल. एका मुलाने कपाटातल्या वस्तूंची यादी वाचावी, दुसऱ्याने कपाट उघडून मोजावे. उत्तरे जुळली नाहीत, की शोधाला सुरुवात झालीच!