कुलपांशी पंधरा वर्षं

कोळारहून बीदरच्या बाजारात गेलं की एकाच वस्तूची तीन नावं कानावर पडतात : कुलूप, ताला आणि बीग. 2009 साली त्याच बाजारातून भंगारातली सहा कुलपं किलोच्या भावाने आणली आणि किल्लीवाचून ती उघडायचा नाद लागला. नेम तेव्हापासून एकच : कुलूप स्वतःचं हवं आणि ते कुठल्याही दाराला लागलेलं नको.

पहिली हत्यारं घरीच केली. हॅकसॉचं तुटकं पातं ग्राइंडरवर घासून हुक काढला, पण घासताना टोक तापून निळं-राखाडी पडलं. पोलादाचं पाणी उतरलं होतं. दुसऱ्याच कुलपात टोक वाकलं. मग दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवायची सवय लावली. पीळ द्यायची पट्टी मात्र गॅरेजमध्ये फेकलेल्या वायपरच्या पोलादी पट्टीतून निघाली. ती आजही माझ्या डब्यात आहे.

2013 साली बावीस नगांचा स्वस्त संच मागवला. दिसायला चकचकीत, पण पत्रा साच्यात कापून तसाच सोडलेला, कडा खरखरीत. किल्लीवाचून कुलूप उघडायचं काम सगळं बोटांवर चालतं. पट्टीने हलका पीळ दिला की आतली एखादी पिन अडते. ती नेमक्या उंचीवर आली की किल्लीने फिरणारा आतला नळा केसभर फिरतो. तो केसभर हिसका बोटापर्यंत पोचवला तरच हत्यार चांगलं. माझ्या संचाची कड पितळेवर खरवडायची आणि हिसका त्या खरखरीत बुडून जायचा. बावीसपैकी तीन नग कामी आले, तेही पॉलिश पेपरने घासल्यावर. बाकीचे एका पावसाळ्यात गंजले.

2018 मध्ये स्टेनलेस पोलादाचे दोनच हुक घेतले, किंमत जवळपास त्या अख्ख्या संचाइतकी. जाडी 0.6 मिलिमीटरऐवजी 0.45. अरुंद भोकात ते मोकळे फिरतात. मूठ मात्र बोटांना रुतायची. त्याच सुमारास एका बिदरी कारागिराचं कलम हातात घेऊन पाहिलं. चांदीच्या तारेसाठी दिवसभर खाचा कोरायच्या, तर हत्यार हातात कसं बसायला हवं ते तिथे कळलं. घरी येऊन दोन्ही हुकांना बांबूच्या गोल मुठी बसवल्या.

तरीही हे महागडे हुक आपल्याकडच्या निम्म्या कुलपांपुढे हरतात. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली. त्यांच्यापासून अलीगढपर्यंत आपल्या ओळखीची पुष्कळ कुलपं पिनांची नव्हे, लिव्हरची. लिव्हरमागची स्प्रिंग ताठ असते, तिच्यापुढे 0.45 ची पट्टी वाकते. तिथे सायकलचा जाड स्पोक कानशीने घासून वळवलेला बरा. लिव्हर काही अजिंक्य नव्हे. 1818 सालचं चबचं नावाजलेलं लिव्हर कुलूप अमेरिकन कुलूपकार हॉब्जने 1851 मध्ये लंडनला सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या वेगळ्या बनावटीच्या कुलपाला मात्र त्याला सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले. त्या दोन कुलपांसाठी त्याची हत्यारंही वेगवेगळी होती.

नव्याने या छंदाला लागणाऱ्याने मोठा संच घेऊ नये. दोन हुक आणि एक पट्टी पुरे. घेताना कडेवरून नख फिरवून पाहा. नख अडलं तर ते हत्यार परत ठेवा.